बाराव्या फ्लॅटची डाळ

“आबा, आज टोपी घालू नका,” मलुष्टे म्हणाला. “टोपीत तुम्ही गरीब दिसता.”

“मी गरीबच आहे.”

“ते सोमवार ते शनिवार. रविवारी तुम्ही फ्लॅट नंबर दोनचे मालक.”

मी टोपी खिशात कोंबली आणि बाकावर जाऊन बसलो. बाकाचं तोंड समुद्राकडे होतं आणि पाठ ‘सागरछाया’कडे. सागरछाया म्हणजे आमच्या शिरबंदरात फक्त निवृत्त माणसांसाठी बांधलेली पहिली इमारत. तीन मजले, लिफ्ट, न्हाणीघरात धरायला दांडे, खाली विहीर, वर टाकी. फ्लॅट बारा. त्यातले अकरा गेले होते, आणि त्या अकरांतले निदान नऊ माझ्या तोंडाने गेले होते. ताबा गुढीपाडव्याला मिळायचा होता. तोवर इमारतीत राहत कुणीच नव्हतं. पण रिकाम्या इमारतीकडे पाहून म्हातारी माणसं दचकतात, म्हणून इमारत बांधणाऱ्या मलुष्टेने मला ठेवलं होतं. रविवारी गिऱ्हाईक आलं की आत आधीपासून सुखाने नांदत असलेला एक म्हातारा त्यांना दिसायला हवा, एवढंच माझं काम.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी सदुसष्ट वर्षांचा होतो आणि खोटं बोलण्यात माझा हात धरणारा खाडीच्या दोन्ही तीरांवर कुणी नव्हता. कसा असणार? तीस वर्षं मी खाडीच्या तरीवर, म्हणजे उतारूंना पलीकडे नेणाऱ्या होडीवर, तिकीट मास्तर होतो. ओहोटी लागली की होडी दीड-दीड तास अडकून राहायची आणि चिखलाकडे बघत बसलेल्या उतारूंना काहीतरी सांगावं लागायचं. माझ्या गोष्टी ऐकता याव्यात म्हणून मुद्दाम ओहोटी गाठून येणारे लोक होते. हा किरण मलुष्टेही शाळेत असताना त्यांतलाच. पुढे पूल झाला, तरीची फेरी बंद पडली, आणि माझ्याकडे गोष्टी तेवढ्या उरल्या.

मलुष्टेने शब्द दिला होता. बारावा फ्लॅट गेला की तळमजल्यावरची, जिन्याखालची खोली माझी, मरेपर्यंत. त्या खोलीची मला फार गरज होती. मी राहत होतो बर्फाच्या कारखान्यामागच्या एका खोलीत, आणि मालकाने सांगून ठेवलं होतं की होळीपर्यंत खाली करा, तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या आहेत. मुलगा वसईला होता. त्याच्या घरात मला जागा होती, पण पाय लांब करायला नव्हती.

तेव्हा त्या रविवारी, मार्गशीर्षातल्या, मी बाकावर बसून बाराव्या गिऱ्हाइकाची वाट पाहत होतो.

साडेनऊला रिक्षा आली. तिच्यातून एक उंच, रुंद हाडाच्या बाई उतरल्या. साठीच्या पुढच्या, नऊवारी नाही पण नऊवारीच्या रुबाबात नेसलेली सहावारी, एका हातात कापडी पिशवी आणि दुसऱ्या हातात झाकण लावलेलं पातेलं. मी तरीवर कोंबड्या, बोकड, शिवणयंत्र, एकदा तर नवरदेवसुद्धा चढवून घेतलेला माणूस. पण घर बघायला पातेलं घेऊन आलेली बाई पहिल्यांदाच पाहिली.

“या, या, मावशी,” मलुष्टे पुढे झाला.

“मावशी मी एकशेऐंशी पोरींची होते,” बाई म्हणाल्या. “तुमची नको. अनसूया खैरमोडे. कऱ्हाडला मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर एकतीस वर्षं माझ्याकडं होतं. आता सुटले. तुमच्या गावात तीन जागा बघायच्यात, त्यातल्या दोन काल बघून झाल्या.”

“कशा वाटल्या?”

“एक देवळाच्या ट्रस्टच्या खोल्या. खोली चांगली, पण संध्याकाळी सातला दार बंद, आणि कांदा आणायचा नाही. मी म्हटलं, देवाला कांदा चालत नाही हे समजलं, पण तो सातला झोपतो व्हय? दुसरी एका कुटुंबात खोली. सासू गोड, सासरे गोड, सून फक्त कुत्र्याशी बोलते. आठ दिवसांनी मीपण भुंकले असते.”

मलुष्टे मनापासून हसला आणि मला खुणेने बोलावलं. “हे आबा तोडणकर. नंबर दोनमध्ये राहतात. त्यांनाच विचारा.”

बाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. बाजारात दुधी घेताना पाहतात तसं.

“हवा कशी आहे, आबा?”

हा प्रश्न म्हणजे माझ्यासाठी भरतीची वेळ. मी सुरू केलं. म्हणालो, “बाई, हवेचं काय सांगू. तरीवर एक पेन्शनर यायचे, काठी टेकत. रोज इथे वाळूवर बसायचे. पहिल्या महिन्यात गुडघे सुटले. दुसऱ्या महिन्यात काठी इथेच विसरून गेले. तिसऱ्या महिन्यात आठवण झाली म्हणून शोधायला आले, तर काठीला पालवी फुटलेली.”

“कसली?”

“कसली म्हणजे?”

“काठी कसली होती? बांबूला पालवी फुटत नाही अशी सहज.”

“शिवणीची होती,” मी म्हणालो. तोपर्यंत काठी कसली हे मलाही माहीत नव्हतं.

“मग फुटेल,” बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या ओठांचा एक कोपरा जरासा हलला. मला वाटलं, ही बाई तरीवर असती तर ओहोटीलाच आली असती.

मग मी त्यांना ऑक्टोपसची गोष्ट सांगितली. तो तरीच्या कठड्यावर चढून आला आणि आठ हात एकदम खिडकीत घालून आठ तिकिटं मागू लागला. मी म्हटलं, एका डोक्याला एक तिकीट, हात मोजत नाही. तो खट्टू होऊन परत गेला, पण जाताना खलाशाची विडी घेऊन गेला. बाई ऐकत होत्या, हुं हुं करत होत्या, आणि चालता चालता दारांच्या बिजागऱ्या, खिडक्यांच्या कड्या, नळांच्या तोट्या बोटाने चाचपत होत्या. हे सगळं मलुष्टेच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

नंबर दोनमध्ये आम्ही शिरलो. हा नमुन्याचा फ्लॅट. पलंग, पडदे, गॅस, कॅलेंडर, आणि माझा म्हणून खुंटीला अडकवलेला एक सदरा, जो मला तीन बोटं लहान होता.

“गॅस चालू आहे ना?” बाईंनी विचारलं.

“आहे की. चहा टाकू?”

“चहा नको. मला डाळ शिजवायचीय.”

त्यांनी पिशवीतून पुरचुंडी काढली. तूरडाळ. पातेल्यात ओतली, नळ सोडला, तीनदा धुतली, चौथ्यांदा पाणी घातलं आणि गॅसवर चढवली.

“घर बघायला आलात ना?” मलुष्टे जरा गोंधळून म्हणाला.

“घरच बघते आहे. भिंती काय, सगळ्यांच्या सारख्याच. मी पाणी बघते. वसतिगृहात तीनदा बोअर मारली, तिन्ही वेळा इंजिनिअर म्हणाला पाणी उत्तम. मी म्हणायचे, थांबा, डाळ टाकते. दोनदा तासभर शिजून डाळ खड्याची खडा. जड पाण्यात, खाऱ्या पाण्यात डाळ मऊ होत नाही, कितीही जाळ घाला. इंजिनिअर चुकला, डाळ नाही चुकली.”

मलुष्टेने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, आणि ते बरोबरच होतं. मार्गशीर्षात आमच्याकडच्या विहिरींचं पाणी शहाळ्यासारखं असतं. डाळ शिजणार होती. आम्हाला काहीच लपवायचं नव्हतं. पाऊस सरून तीनच महिने झाले होते आणि जमीन अजून गोड्या पाण्याने भरलेली होती.

पस्तीस मिनिटांनी बाईंनी झाकण काढलं, एक दाणा चिमटीत धरला आणि दाबला. त्याचं उगाळल्यासारखं गंध झालं.

“पसंत,” त्या म्हणाल्या.

मलुष्टे कागद आणायला ऑफिसात गेला. ऑफिस म्हणजे रस्त्यापलीकडचा त्याच्या वडलांच्या भांड्यांच्या दुकानातला अर्धा गाळा. आम्ही दोघं बाहेर बाकावर येऊन बसलो. बाईंनी डाळ मीठ घालून आणली होती. दोन वाट्यांत ओतली, एक मला दिली. मी ओठांना लावली आणि थांबलो. साधं मीठ घातलेलं वरण. मी नऊ वर्षांत वरण खाल्लं नव्हतं.

“काय झालं? मीठ जास्त झालं?”

“नाही. छान आहे.”

समोर दोन होड्या वाळूवर ओढून ठेवल्या होत्या. बाई गुडघे चोळत होत्या. म्हणाल्या, “लहानपणी आमच्या गावाला ओढा अर्ध्या कोसावर. सात वर्षांची होते तेव्हापासून डोक्यावर कळशी. लग्न झालं तिथं आड, पण तोही गावाबाहेर. नवरा लवकर गेला, वसतिगृहात लागले, तिथं टँकर चौथ्या दिवशी. बादल्या, पिंपं, हंडे. जिना चढा, जिना उतरा. या गुडघ्यांकडं बघा. डॉक्टर म्हणतात वात आहे. वात कुठला, पाणी आहे ते.” त्या हसल्या. “मी देवाला एकच म्हटलं, आता उरलेले दिवस नळ सोडायचा आणि डाळ शिजवायची. परत डोक्यावर चुंबळ ठेवायची नाही. एवढ्यासाठी साठवलेलं सगळं इथं घालते आहे. समुद्र काय, तो फुकट मिळतोय म्हणून बघायचा.”

खरं तर तिथे एक गोष्ट सांगायची होती, ठरलेली, कासवाची. अकराही गिऱ्हाइकांना आवडलेली. पण मी वाटीतलं वरण ढवळत राहिलो. मलुष्टे रस्ता ओलांडून येताना दिसत होता. काखेत फाइल, चेहऱ्यावर बारावा फ्लॅट. त्याला अजून भाजीवाल्याच्या गाडीने अडवलं होतं.

“बाई,” मी म्हणालो, “हे पाणी होळीनंतर खारं होतं.”

“काय?”

“शिमगा झाला की विहीर उतरते आणि समुद्र आत शिरतो. पार पाऊस पडेपर्यंत. तीन महिने. या खालच्या वाडीतल्या सगळ्या विहिरींचं तसंच आहे. डाळ शिजत नाही. चहा फाटतो.”

बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग मोठ्याने हसल्या. “आणि काठीला पालवी फुटते.”

“ती गोष्ट होती. हे खरं आहे.”

“ऑक्टोपस पण खरा होता मघाशी.”

“बाई, मी शपथेवर सांगतो.”

“एकटी बाई बघून पळवून लावताय होय मला, आबा? शेजाराला दुसरं कुणी हवंय का?”

तीस वर्षं तरीवर आणि आठ महिने या बाकावर मी जे काही बोललो त्यातल्या प्रत्येक गोष्टीवर माणसांनी मान डोलावली होती. आयुष्यात एकदा खरं बोललो, तर माणूस पोट धरून हसतंय. आणि दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. विहीर गोड होती. डाळ शिजलेली होती. वाटी माझ्याच हातात होती.

“मी शेजारी नाहीच,” मी म्हणालो. “मी इथे राहत नाही.”

“मग कुठं राहता? तरीवर?”

“बर्फाच्या कारखान्यामागे. चला, दाखवतो. पाच मिनिटं आहे. पायऱ्या नाहीत.”

का कोण जाणे, बाई उठल्या. कदाचित त्या तीन बोटं लहान सदऱ्यामुळे. तोही त्यांनी पाहिला असणार. तेवढ्यात मलुष्टे पोचला.

“कुठे निघालात?”

“आबांच्या घरी,” बाई म्हणाल्या.

“पण आबांचं घर... इकडे आहे,” मलुष्टे म्हणाला, आणि त्याने हात नंबर दोनकडे केला, पण आम्ही उलट्या दिशेने चालू लागलो होतो. तो फाइल घेऊन तिथेच उभा राहिला. मला त्याचं वाईट वाटलं. मुलगा तसा लबाड नव्हता. वरच्या आळीत त्याच्याच सख्ख्या चुलत्याची बारमाही गोड विहीर होती, तिथून नळ आणला असता तर प्रश्नच नव्हता. पण बांधावरच्या एका फणसावरून दोन्ही घरांचं बोलणं बावीस वर्षं बंद होतं. चुलत्याकडे पाणी मागण्यापेक्षा मलुष्टेला बारा फ्लॅट खाऱ्या पाण्यावर बांधणं सोपं गेलं. फणस मात्र तोवर वाळूनसुद्धा गेला होता.

माझी खोली उघडली. एक खिडकी, एक खाट, कोपऱ्यात स्टोव्ह, फळीवर पाच डबे. मला वाटलं होतं बाई नाक मुरडतील. पण त्या सरळ कोपऱ्यात गेल्या आणि तिथे उभ्या राहून त्यांनी खोलीचा ताबा घेतला. वसतिगृहात नवी स्वयंपाकीण आली की तिची भांडी तपासत असतील, तसं.

आधी पाणी तापवायचं पातेलं उचललं. उन्हाकडे धरून आत पाहिलं. तळाला आणि कडांना बोटभर जाड पांढरा थर होता, चुन्यासारखा. त्यांनी नखाने कोपरा उकरला, जिभेला लावला आणि थुंकल्या.

“किती वर्षांचं?”

“पातेलं? लग्नातलं.”

“थर विचारते.”

“तेवढ्याच वर्षांचा. खरवडत नाही मी.”

मग त्यांनी डबे उघडले. एकात तांदूळ. एकात कुळथाचं पीठ. एकात कुळीथ. एकात पुन्हा कुळथाचं पीठ. पाचव्यात चहापत्ती.

“तूरडाळ कुठं आहे?”

“नाही.”

“कधीपासून?”

“नऊ वर्षं.”

“पावसाळ्यात, थंडीत तर पाणी गोड असतं म्हणालात. तेव्हा का नाही?”

मी डब्यांची झाकणं लावू लागलो. बाईंची नजर फिरत फिरत खिडकीजवळच्या खुंटीवर गेली. तिथे माझी छत्री होती आणि छत्रीखाली एक चुंबळ. जुन्या हिरव्या लुगड्याची, पीळ घालून केलेली, मधे कळशीच्या बुडाचा खळगा पडलेली.

“ही कुणाची?”

“बायकोची. सुमित्रेची. तिला जाऊन नऊ वर्षं झाली.” मग एकदा तोंड उघडलंच होतं म्हणून सांगून टाकलं. “मला वरण लागायचं. रोज. कुळथाच्या पिठीवर माझं भागायचं नाही. मग शिमग्यापासून मिरगापर्यंत ती वरच्या आळीतून गोड्या पाण्याची कळशी आणायची, फक्त डाळीपुरती. पाखाडीच्या शहाण्णव पायऱ्या. सकाळी तरीवर जाताना मी तिला पायऱ्यांवर बघायचो. दर वर्षी सांगायचो, पुढच्या शिमग्याला आपल्या दारात नळ येणार, साहेबांशी बोलणं झालंय. एकतीस वर्षं सांगत होतो. कुठल्या साहेबाशी मी बोललोच नव्हतो.”

“आणि तिला खरं वाटायचं?”

“ती हसायची. म्हणायची, नळाची गोष्ट सांगा. मग मी सांगायचो. तोटी पितळेची, खाली दगडी मोरी, बाजूला अळू. दर वर्षी काहीतरी वाढवायचो.”

बाई खाटेवर बसल्या. खिडकीबाहेर कारखान्यात लाद्या फोडायचा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, “त्या अकरा जणांना कुणी सांगितलं का पाण्याचं?”

“नाही.”

“त्यांचे पत्ते आहेत?”

होते. दिवाळीला मलुष्टेने माझ्या अक्षरात अकरा शुभेच्छापत्रं लिहून घेतली होती, ‘आपला भावी शेजारी, द. रा. तोडणकर’.

“मग बसा लिहायला.”

“बाई, तुमचा तरी विश्वास बसला होता का? मी लिहिलं तर ते हसतील.”

“कागद आहे ना, जुना? वर्तमानपत्र?” त्यांनी माझी सुरी घेतली, पातेलं मांडीवर आडवं धरलं आणि थर खरवडायला सुरुवात केली. पांढऱ्या खपल्या पेपरवर पडू लागल्या. “लिहिलेलं खोटं वाटेल. हे चाटून बघतील.”

दुपारपर्यंत आम्ही बसलो होतो. मी पत्रं लिहिली, त्यांनी अकरा पुड्या बांधल्या, औषधाच्या पुड्या बांधतात तशा, नीट घडी घालून. पातेलं इतकं हलकं झालं की वाऱ्याने फळीवरून उडून जाईल अशी मला भीती वाटली. प्रत्येक पत्रात मी एवढंच लिहिलं: ‘मी नंबर दोनमध्ये राहत नाही, कधी राहिलो नाही. सोबत आपल्या नळाला चैत्रात येणारं पाणी पाठवत आहे, कोरडं.’

बाई निघताना म्हणाल्या, “मी वैशाखात परत येईन. डाळ घेऊन. तेव्हा शिजली तर बघू.”

“आणि नाही शिजली तर?”

“तर देवळातली खोली घेईन, आणि कांदा चोरून खाईन.”

संध्याकाळी मलुष्टे आला. दारात उभा राहूनच बोलला. “आबा, खोलीचं विसरा.”

“विसरलो,” मी म्हणालो. आणि गंमत सांगतो, त्या क्षणी मला अगदी हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाही वाटलं. सकाळी होळीला तीन महिने उरले होते.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी एक गाडी भरून माणसं आली. अकरांपैकी आठ. कुणाच्या हातात थर्मास, कुणाच्या हातात घडीची खुर्ची. ते मलुष्टेच्या अर्ध्या गाळ्यात जाऊन बसले. भांडले नाहीत, ओरडले नाहीत. बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. एकाने शब्दकोडं आणलं, एकीने विणकाम. निवृत्त माणसांशी वैर घेऊ नये. त्यांना दुसरीकडे कुठे जायचं नसतं. त्यांच्यात पाटबंधारे खात्यातले एक जोगळेकर होते. त्यांनी तिसऱ्या दिवशी स्वतःच पाखाडी चढून वरच्या विहिरीपासून सागरछायेपर्यंतचा उतार मोजला आणि म्हणाले, पंपसुद्धा नको, पाणी आपल्या पायांनी खाली येईल.

राहिला चुलता. चौथ्या दिवशी मलुष्टे गेला. सोबत मला नेलं, कारण बावीस वर्षं बंद असलेलं बोलणं सुरू कुठून करायचं हे त्याला सुचत नव्हतं. चुलता ओटीवर बसला होता. त्याने पुतण्याकडे पाहिलंच नाही, मला म्हणाला, “काय मास्तर, काय नवीन?”

मी त्याला तो वाळलेला फणस रात्री उठून दोन्ही घरांच्या दारात जाऊन कसा रडतो ते सांगितलं. पानं नसल्यामुळे त्याला डोळे पुसता येत नाहीत, असंही सांगितलं. म्हातारा ऐकत होता. शेवटी म्हणाला, “बावीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी खरं बोललात.” आणि आत बघून ओरडला, “किरण आलाय, पन्हं करा.”

पन्ह्याला कैऱ्या अजून व्हायच्या होत्या, कोकम सरबत आलं. चैत्रात नळ आला.

वैशाखात, अगदी कडक उन्हात, बाई रिक्षातून उतरल्या. तीच पिशवी, तेच पातेलं. आठ-दहा बिऱ्हाडं राहायला आलेली होती. सगळी नंबर बाराच्या स्वयंपाकघरात आणि जिन्यात जमली. मलुष्टे खिडकीशी उभा होता आणि मुलीच्या निकालाची वाट बघावी तसा घाम पुसत होता. मी दाराबाहेर होतो. होळीपासून मी त्याच भांड्यांच्या दुकानाच्या माळ्यावर, पिंपांच्या मधे झोपत होतो. मलुष्टेनेच निजायला जागा दिली होती, पण खोलीचं नाव काढत नव्हता.

झाकण निघालं. बाईंनी दाणा चिमटीत धरला. सगळा जिना पुढे झुकला. दाणा दबला.

“घेते,” त्या म्हणाल्या. “पण माझी एक अट आहे. पाणी पुन्हा कधी बिघडलं तर कळायला खाली कुणीतरी माहितगार हवा. जिन्याखालची ती खोली या आबांना द्या.”

“आबांना?” मलुष्टे म्हणाला. “आबांना खारं-गोडं काही कळत नाही. जन्म खालच्या वाडीत गेलाय त्यांचा. समुद्राचं पाणी दिलं तरी पितील.”

ते खरंच होतं. मला कधीच कळलं नव्हतं. सुमित्रेने आणलेली कळशी आणि आमची विहीर, दोन्ही माझ्या जिभेला सारखीच.

“जिभेचं कुणी सांगितलंय?” बाई म्हणाल्या. “डाळ शिजवतील की.”

जोगळेकरांनी मान डोलावली, मग सगळ्यांनी. मलुष्टेने खिशातून किल्ली काढली. ती त्याच्या खिशात आधीपासून होती, हे माझ्या लक्षात आलं. त्याला फक्त कुणीतरी अट घालायला हवी होती.

चौदा वर्षं मी याच खोलीत आहे. खुंटीवर छत्री आहे, चुंबळ आहे. दर अमावास्येला सकाळी अनसूयाबाई बाराव्या फ्लॅटमधून मूठभर तूरडाळ खाली पाठवतात, मी ती नळाच्या पाण्यात शिजत टाकतो आणि बाहेर त्याच बाकावर बसून राहतो. तोटी पितळेची आहे. मोरी दगडी केली. अळू मागच्या पावसाळ्यात लावलं, बरं आलंय.

पस्तीस मिनिटांनी बाई कठडा धरून उतरतात, दाणा दाबून बघतात, म्हणतात, “शिजली.” मग आम्ही दोन वाट्यांत वरण घेऊन बसतो, आणि त्या समुद्राकडे बघत विचारतात, “हां, मग त्या ऑक्टोपसनं विडी परत आणून दिली का?”

अजून दिलेली नाही.